खोबरेल

आज सकाळी बाटली उलटी केली तर
तेल आलंच नाही.
मुक्ता स्टुलावर पाठमोरी, मुठीत दोन लाल रिबिनी,
रिक्षा सव्वासातला येते,
आणि बाटलीत पांढरं, गप्प,
गळ्यापर्यंत गोठलेलं खोबरेल.
म्हणजे थंडी आली.
हर्णैला ती अशीच येते,
कुणाला न सांगता, आधी बाटलीत शिरते.

मी बर्फाच्या कारखान्यातला माणूस.
लाद्या ओढतो, फोडतो, होड्यांना मोजून देतो,
अमोनियाचा वास, तू म्हणायचीस,
लग्नातल्या शर्टालाही होता.
गोठणं म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये.
तरी त्या बाटलीपुढे
नुसता उभा राहिलो.

मग बंबावर ठेवली. बूच वितळून वाकडं झालं.
मुक्ता म्हणाली, आई काखेत धरायची,
चहा होईपर्यंत.
हे मला ठाऊक नव्हतं.
नऊ वर्षं मी त्याच ओट्याशी बसून
तोच चहा प्यायलो.

तुला सांगायचं ते रात्री ठरवतो
आणि फोनवर विसरतो.
तुळशीचं लग्न झालं. मामा म्हणून उभा केलेला ऊस दोनदा पडला.
खैरुनभाभीने सांजणं पाठवली, निनादने एकट्याने संपवली.
कुरव आलेत, बंदराच्या वाळूत पांढरा गोंगाट.
वरच्या खोलीचा स्लॅब तुझ्या पगारातून घातला,
खिडक्या अजून नाहीत, प्लास्टिक लावलंय,
रात्रभर ते फडफडतं.
पहाटे मतलई सुटतो, जमिनीवरून समुद्राकडे.
म्हणजे तुझ्याच दिशेने,
पण मस्कतपर्यंत काही जात नसणार.
एवढा दम नाही त्याच्यात.

गोधडी काढली ट्रंकेतून.
तुझ्या अबोली साडीचा तुकडा ज्या कोपऱ्याला आहे
त्यावरून दोघं भांडली, रडली,
शेवटी पाळ्या लावल्या:
सोम, बुध, शुक्र निनाद. मंगळ, गुरू, शनी मुक्ता.
रविवारचं कुणी विचारलं नाही.
मीही बोललो नाही.

संध्याकाळी तुझा फोन.
आमच्याकडे दिवे लागलेले,
तुझ्या पाठच्या भिंतीवर अजून उन्हाची पट्टी.
तेलाचं सांगितलं, हसशील म्हणून.
हसलीस.
मग म्हणालीस, अहो, माझ्याकडे ते कधी वितळतच नाही.
बाहेर पंचेचाळीस असू दे,
खोलीत बाराही महिने एसी,
चौघीजणी, रिमोट एकीच्या उशाखाली.
येताना आणलेली बाटली अजून अर्धी आहे,
चमच्याच्या दांड्याने खरवडते.
एवढंच बोललीस. मग तुझी ड्यूटी.

दोन वर्षं मी तुला उन्हात समजत होतो.
इकडे पंखा लावताना अपराधी वाटायचं,
माठातलं पाणी पिताना वाटायचं.
वाळू, घाम, होरपळ, सगळं मनात रंगवून ठेवलेलं,
आणि तू रोज ड्यूटीवरून येऊन
पाय पोटाशी घेऊन झोपत होतीस,
दोन ब्लँकेटं,
वर ती शाल, जी मी म्हटलं होतं,
तिकडे कशाला लागतेय.

रात्रपाळीला लादी उचलली
आणि पहिल्यांदाच हात भाजल्यासारखा झाला.
होडीवाला म्हणाला, काय रे, नवीन आहेस का?

आज परत बाटली गोठली.
बंब पेटलेला होता, तरी काखेत धरली.
गारवा आधी बरगडीला लागतो, मग आत कुठेतरी.
मुक्ता बघत होती.
चहा उतू गेला. गॅस विझला.
रिक्षा दोनदा वाजली.
ती म्हणाली, बाबा, वितळलं कधीच,
आता सोड.